मातींत उतरलेला देखावा

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं चिनी मातीची अशी एखादी बशी किंवा असा एखादा पेला असेल, कीं ज्याच्यावर एक देखावा रंगविलेला आहे. दूर निळसर डोंगर, पायथ्याशीं पाणी, पाण्यांत एक होडकें, काठावर झोपडी आणि तिच्यावर वांकलेलें झाड. चहा पितां पितां तो देखावा आपण हजार वेळां पाहिलेला असतो आणि एकदांहि नीट पाहिलेला नसतो. मातीकाम करणारा कलावंत निसर्गापासून स्फूर्ति घेतो असें कोणीं म्हटलें, म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा असेंच कांहीं तरी येतें. त्यानें डोंगर पाहिला आणि तो भांड्यावर काढला, इतकेंच. आज मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें, त्यांना त्यांच्या गांवाची ओळखहि अशाच एका चहादाणीवरील देखाव्यानें करून दिली. परंतु पुढें पन्नास वर्षें त्यांनीं जें काम केलें, त्यांत डोंगर-नदीच्या चित्राला फारसें स्थान नाहीं. आणि तरीहि त्यांचें भांडें हातांत घेतलें असतां तें कोणत्या भूमींतून आलें हें जाणत्याला कळतें. हें कसें घडलें, तें सांगण्याचा आज माझा विचार आहे.

या कलावंताचें नांव हमादा शोजी. जपानी रीतीप्रमाणें आडनांव आधीं येतें. त्यांचा जन्म १८९४ सालचा. टोकियो येथें औद्योगिक विद्यालयांत ते मातीकामाचें शास्त्र शिकत होते, तेव्हां इताया हाझान हे नामांकित कलावंत त्यांना शिकवीत असत. इताया यांचें स्वतःचें काम अत्यंत नाजूक, तलम पोर्सेलीनचें. परंतु त्यांच्या घरीं या विद्यार्थ्याच्या मनांत भरली ती एक साधी, जाडसर, स्वयंपाकघरांतली चहादाणी. तिच्या पांढऱ्या अस्तरावर कुंचल्याच्या चार-दोन फटकाऱ्यांनीं डोंगर, पाणी आणि झाडें काढलेलीं होतीं. ही चहादाणी माशिको गांवची होती.

माशिको हें गांव टोकियोच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, तोचिगी प्रांतांत आहे. १८५३ सालीं तेथें पहिली भट्टी लागली आणि तेव्हांपासून पाण्याचे रांजण, बरण्या, खल आणि चहादाण्या असा राजधानीच्या स्वयंपाकघरांना लागणारा माल तेथून जाऊं लागला. फूजीसारखा गगनचुंबी पर्वत तेथें नाहीं, कीं खवळलेला समुद्रहि नाहीं. भाताचीं खाचरें, पाइनचीं झाडें असलेल्या ठेंगण्या टेकड्या आणि टेकड्यांच्या उतारावर धूर ओकणाऱ्या भट्ट्या, एवढाच काय तो तेथला देखावा.

या गांवांत चहादाण्यांवर चित्रें काढणाऱ्यांत मिनागावा मासू नांवाची एक बाई होती. तिचा जन्म १८७४ सालचा आणि मृत्यु १९६० सालचा. लहानपणीं तिनें जो कुंचला हातीं घेतला, तो म्हातारपणापर्यंत ठेवला नाहीं. दिवसाला शेंकडों चहादाण्यांवर ती तेच डोंगर, तेंच पाणी आणि तींच झाडें काढीत असे. हा देखावा कोठला, असें तिला विचारण्यांत अर्थ नव्हता. आपल्याकडे एखादी आजी पहांटे सडा घालून रांगोळी काढते, तेव्हां ती गाय पाहून गोपद्में काढीत नाहीं. चिमटींतून रेघ सुटत जाते, मन दुसरीकडे असतें आणि पाहणाराला मात्र त्या रेघेंत विलक्षण जिवंतपणा दिसतो. मिनागावा मासूचें तसेंच होतें. हमादांच्या आयुष्यांतील एक मोठा प्रश्न या बाईच्या चहादाणींत दडलेला होता. जी जन्मभर चहादाण्याच रंगवीत आली, तिची रेघ इतकी मोकळी. आणि जो शास्त्र शिकला, दहा देशांचीं भांडीं पाहून आला, त्यानें ती मोकळीक कोठून आणावयाची?

शास्त्र तर हमादा पुष्कळच शिकले. १९१६ सालीं ते क्योतो येथील मातीकामाच्या प्रयोगशाळेंत दाखल झाले. तेथें त्यांचे जिवलग मित्र कावाई कान्जिरो आधींपासूनच होते. दोघांनीं मिळून झिलईचे हजारों प्रयोग केले. मातीच्या भांड्यावर जो कांचेसारखा लेप असतो त्याला आपण झिलई म्हणूं. दगडाची पूड, राख आणि माती यांचें प्रमाण थोडें बदललें, भट्टींतील हवा थोडी कोंडली, कीं तोच लेप हिरव्याचा निळा आणि तपकिरीचा काळा होतो. हें सारें गणित या तरुणांना हस्तगत झालें. पण मनांत येईल तो रंग काढतां येऊं लागला, म्हणजे कोणता रंग काढावा हा प्रश्न अधिकच अवघड होतो. ज्याच्यापुढें सगळ्या वाटा खुल्या, त्याला स्वतःची वाट निवडून घ्यावी लागते.

१९२० सालीं हमादा इंग्लंडला गेले. हाँगकाँग येथें जन्मलेले आणि जपानांत राहून मातीकाम शिकलेले इंग्रज कलावंत बर्नार्ड लीच स्वदेशीं परत चालले होते. त्यांच्यासोबत हमादा कॉर्नवॉल प्रांतांतील सेंट आइव्ह्ज या समुद्रकांठच्या गांवीं उतरले आणि दोघांनीं तेथें जपानी पद्धतीची चढती भट्टी बांधली. सेंट आइव्ह्जचा देखावा चित्रकारांना वेड लावणारा आहे. तीन बाजूंनीं समुद्र, काळेकभिन्न कडे, पिवळी वाळू आणि लख्ख उजेड. युरोपभर त्याची ख्याति आहे. पण भट्टीला उजेड खाऊन चालत नाहीं. त्या वाऱ्याच्या टोंकावर झाडें विरळ आणि भट्टीला लांकूड तर गाडीगाडीनें लागतें. मनाजोगती मातीहि तेथें मुबलक नव्हती. लीच यांनीं त्या जागीं आयुष्य वेचून मोठें काम केलें. परंतु पुढें १९३० नंतरच्या दशकांत त्यांच्या भट्टीला लांकूड सोडून तेलाचा आश्रय करावा लागला. डोळ्यांना तृप्त करणारी भूमि आणि भट्टीला पोसणारी भूमि या दोन वेगळ्या असूं शकतात, हें त्या ठिकाणीं हमादांना जवळून पाहावयास मिळालें. इंग्लंडांतील दुसऱ्या एका गोष्टीचाहि त्यांच्यावर परिणाम झाला. ससेक्स परगण्यांतील डिचलिंग गांवीं त्यांनीं हातमागावर विणणाऱ्या आणि वनस्पतींच्या रंगांत सूत रंगविणाऱ्या एथेल मेरे यांचें घर पाहिलें. शिकलेलीं माणसें खेड्यांत राहून, तेथल्याच वस्तूंनीं काम करून प्रतिष्ठेनें जगूं शकतात, हें त्यांना तेथें दिसलें.

१९२३ सालच्या सप्टेंबरांत भूकंपानें आणि आगीनें टोकियोचा मोठा भाग नष्ट झाला. ती वार्ता कळल्यावर हमादांनीं स्वदेशाची वाट धरली आणि १९२४ सालीं ते माशिकोस येऊन राहिले. लंडनमध्यें त्यांच्या कामाचें प्रदर्शन झालेलें होतें; क्योतो येथें भट्टी लावून ते सुखानें नांव कमावूं शकले असते. त्याऐवजीं त्यांनीं रांजण आणि खल करणाऱ्या कुंभारांच्या आळींत जागा धरली. कांहीं वर्षें तर स्वतःची भट्टीहि नव्हती; दुसऱ्याच्या कारखान्यांत त्यांच्याच चाकांशेजारीं बसून ते काम करीत. पुढें १९३० सालीं एक जुनें शेतकऱ्याचें घर त्यांनीं आपल्या जागेंत आणून उभें केलें आणि मग ते तेथले झाले.

माशिकोची माती कांहीं उंची माती नव्हे. ती रेताड आहे, तींत लोह आहे, आणि पोर्सेलीनसारखें पातळ, पारदर्शक भांडें तिच्यांतून निघत नाहीं. चाकावर फार ताणूं गेलें तर ती फाटते. हमादांना मातीचें शास्त्र अवगत होतें. तिच्यांत दुसरी माती मिसळून तिला सुधारणें त्यांना अशक्य नव्हतें. त्यांनीं उलट केलें. माती जें सुखानें करूं देईल तेंच करावयाचें, असें त्यांनीं ठरविलें. म्हणून त्यांच्या भांड्यांच्या कडा जाड, पोटें भरलेलीं आणि बैठक रुंद असते. माशिकोच्या टेकड्यांचीं चित्रें त्यांवर नाहींत. पण त्या टेकड्यांचा बुटका, ऐसपैस बांधा त्या भांड्यांत आलेला दिसतो. त्या टेकड्यांचीच माती आहे ती. दुसरें काय होणार!

झिलईचेंहि तसेंच. हजारों प्रयोग केलेल्या या माणसानें पुढें मूठभर झिलयांवर आयुष्य काढलें, आणि त्यांतल्या मुख्य झिलया गांवच्या जुन्या कुंभारांच्याच होत्या. जवळच आशिनुमा नांवाचा एक मऊ दगड निघतो. त्याची पूड पाण्यांत कालवून भांड्यावर चढविली आणि बाराशें अंशांच्या वर तापविली, कीं तांबूस तपकिरी रंग येतो. त्या रंगाला 'काकी' म्हणतात. हिमाचलाकडून 'जपानी फळ' या नांवानें जें नारिंगी फळ आपल्या बाजारांत येतें, त्याचें जपानी नांव काकी. त्याच दगडाच्या पुडींत लांकडाची राख मिसळली, म्हणजे काळी झिलई होते, आणि भांड्याच्या कडेवर, जेथें ती पातळ होते, तेथें तिच्यांतून पुन्हां तपकिरी रंग डोकावतो.

पांढऱ्या झिलईची हकीकत तर कोंकणांतल्या श्रोत्यांना विशेष गंमतीची वाटेल. भाताचीं तुसें जाळून केलेली राखुंडी आपल्याकडे दांत घासण्याला वापरीत. तुसाच्या राखेंत बहुतांश सिलिका असते, म्हणजे ज्या द्रव्याची वाळू आणि कांच होते तेंच द्रव्य. माशिकोस हीच तुसाची राख झिलईंत घालतात. भट्टींतून ती दुधासारखी दाट, अपारदर्शक पांढरी होऊन निघते. तिला 'नुका' म्हणतात. आतां विचार करा. गांवाच्या खाचरांत भात पिकला, तो गांवानें खाल्ला. तुसें राहिलीं, त्यांची राख झाली. ती राख भांड्यावर चढली आणि त्या भांड्यांत पुन्हां भात वाढला गेला. भातशेताचा याहून खरा देखावा कोणत्या चित्रकारानें काढला असेल?

हीं भांडीं ज्या भट्टींत भाजत, तीहि त्या उतारावरच उभी होती. आपल्या कुंभाराचा आवा सपाट जमिनीवर रचतात. चढती भट्टी टेकडीच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाते. हमादांच्या मोठ्या भट्टीला आठ खोल्या होत्या. खालच्या खोलींतील आंच वरच्या खोलीला आधींच तापवून ठेवते, म्हणून उतार हाच तेथें धुराडें आणि भाता या दोहोंचें काम करतो. सरपणाला पाइनचें लांकूड. माती, दगड, राख, लांकूड आणि उतार अशीं पांचहि अंगें त्या एका मुलखानें दिलेलीं होतीं. माणसानें काय दिलें? रोजचें चाक, आणि धीर.

येथवर मी साहित्याविषयीं बोललों. पण हमादा भांड्यांवर कुंचल्यानेंहि काढीत, आणि त्यांची एक आकृति सर्वांना ठाऊक आहे. १९२४ सालच्या अखेरीस लग्न झाल्यावर ते सपत्नीक ओकिनावा बेटावर गेले आणि नाहा शहराच्या त्सुबोया या कुंभारवाड्यांत त्यांनीं हिंवाळाभर काम केलें. तेथें भोंवतीं ऊंसाचीं शेतें. वाऱ्यानें हेलावणारा ऊंस त्यांनीं तेथें पाहिला आणि काढला. कोल्हापूर-सांगलीच्या श्रोत्यांना तो निराळा वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. एक उभी कांडी, तिच्यापासून सुटून दोहों बाजूंना वांकलेलीं लांब पानें. ही आकृति घेऊन ते माशिकोस परत आले, आणि पुढें आयुष्यभर त्यांनीं ती बश्यांवर, बरण्यांवर, चौकोनी बाटल्यांवर काढली.

माशिकोच्या थंडींत ऊंस पिकत नाहीं. मधून मधून ते ओकिनावाला जात, पण कुंचला चाले तो माशिकोच्या घरांत. वर्षामागून वर्षें लोटलीं, तसतसा त्या आकृतींतील ऊंस झिजत गेला. पानें कमी झालीं, कांडी म्हणजे एक फटकारा राहिला. पाहणाराला तें गवत वाटेल, बांबू वाटेल, नुसती वाऱ्याची चाहूलहि वाटेल. ज्या रेघेसाठीं शिकलेल्या माणसाला इतकें झगडावें लागलें, ती रेघ त्यांना येथें लाभली. आणि ती लाभली मिनागावा मासूच्याच मार्गानें, म्हणजे तेंच तेंच हजारों वेळां काढून. पाठ केलेलें विसरावें लागतें, तरच तें हाताचें होतें. आपल्याकडील गवई एकाच रागावर वर्षानुवर्षें मेहनत कां करतो, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं.

त्यांची एक हकीकत सांगतात. मोठ्या थाळ्यांवर हमादा ओगराळ्यानें झिलई ओतून नक्षी करीत. डाव्या हातानें थाळा फिरवावयाचा आणि उजव्या हातानें ओगराळ्यांतील धार त्यावरून झपकन् सोडावयाची. काम निमिषांत आटोपे. एका पाहुण्यानें विचारलें, कीं या पंधरा सेकंदांच्या कामाला एवढें मोल कसें? त्यावर हमादांच्या उत्तराचा आशय असा होता, कीं यांत पंधरा सेकंदांबरोबर माझीं साठ वर्षेंहि धरावयास हवींत.

हें सारें ऐकून कोणी असें म्हणेल, कीं मग गोष्ट सोपी आहे. एखाद्या खेड्यांत जावें, तेथली माती घ्यावी, म्हणजे झालें. तसें नाहीं, आणि याची सर्वांत बोचणारी साक्ष खुद्द माशिकोंतच मिळते. यानागी सोएत्सु, कावाई आणि हमादा यांनीं १९२५ सालीं 'मिंगेई', म्हणजे जनसामान्यांची कला, हा शब्द घडविला. अनाम कारागिरानें रोजच्या उपयोगासाठीं केलेल्या वस्तूंत जें सौंदर्य असतें, तें नांवाजलेल्या कलावंताच्या कृतींत क्वचितच असतें, असें त्यांचें म्हणणें होतें. इंग्लंडहून परतल्यावर हमादांनीं आपल्या भांड्यांवर शिक्का उमटविणें म्हणूनच सोडून दिलें. पण जगानें त्यांना अनाम राहूं दिलें नाहीं. १९५५ सालीं सरकारनें त्यांचा जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरव केला. त्यांच्या पेल्यांना अशी किंमत येऊं लागली, कीं ते स्वयंपाकघरांतून उठून कांचेच्या कपाटांत गेले. माशिकोस देशोदेशींचे कुंभार जमले. गांवाची भरभराट झाली. आणि ज्यांनीं ऊंसाचें शेत पाहिलें नाहीं अशांच्याहि भांड्यांवर हमादांचा ऊंस दिसूं लागला. नक्कल करणाराला आकृति मिळाली, पण तिच्यामागचें शेत मिळालें नाहीं. देखाव्याशीं संबंध उसना घेतां येत नाहीं. ज्याचा त्यानें तो जोडावा लागतो. अनाम राहूं इच्छिणाऱ्या माणसाच्या नांवाचाच असा बाजार व्हावा, यांतील दुःख लहान नाहीं; आणि त्याला कांहीं उपाय होता असेंहि मला वाटत नाहीं.

हमादा १९७८ सालच्या जानेवारींत वारले. आधींच्याच वर्षीं, १९७७ सालीं, देशोदेशींच्या ज्या वस्तूंपासून आपण शिकलों त्या सर्वांना पाहतां याव्यात म्हणून त्यांनीं राहत्या जागेंतच एक संग्रहालय उघडलें होतें. भूमि हा मात्र कायमचा आधार असतो असें कोणीं समजूं नये. ओकिनावाचें नाहा शहर १९४४ सालच्या बाँबवर्षावानें आणि १९४५ सालच्या लढाईनें उद्ध्वस्त झालें. ज्या शहरांत बसून हमादांनीं वीस वर्षांपूर्वीं ऊंस रेखाटला होता, तें भस्मसात् झालें असतांहि माशिकोस एक हात तो ऊंस काढीत राहिला. पुढें २०११ सालच्या मार्चमधील महाभूकंपानें माशिकोच्याहि भट्ट्या ढासळल्या; त्यांत हमादांची जुनी भट्टीहि होती. ती गांवानें पुन्हां बांधून काढली. वीट त्याच मातीची आणि उतारहि तोच.

श्रोतेहो, उद्यां सकाळीं चहा पितांना आपल्या पेल्याकडे क्षणभर पाहा. त्यावर डोंगर रंगविलेला असेल तर तोहि पाहा. पण मग पेला रिकामा झाल्यावर उलटा करा. बुडाशीं, जेथें झिलई लागलेली नसते, तेथें मातीचें उघडें वर्तुळ दिसेल. त्यावर बोट फिरवा. ती माती एखाद्या मुलखाची आहे. कोणत्या तरी टेकडीवर पाऊस पडला, दगड झिजला आणि हजारों वर्षांनीं त्याची ही माती झाली. हमादांनीं साऱ्या आयुष्यांत जो देखावा हातांनीं ओळखला, तो तेथें आहे.

इतकें सांगून मी आपली रजा घेतों.